वेग आणि तपासणी : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील एक श्रमाचा प्रश्न

कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने संगणकाच्या कोडाविषयी काय सांगावे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या दारात, वाचनालयात आणि ज्यांना काम येते त्यांच्या शेजारी बसून शिकलो. परंतु ज्या घरांतील वडील कालपर्यंत लेथवर उभे राहत होते, त्या घरांतील मुलेमुली आज हिंजवडीला आणि ऐरोलीला संगणकापुढे बसतात; आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकताना ती आम्हांला फार ओळखीची वाटतात. काम लवकर द्या, पण चूक होता कामा नये. तपासायला वेळ मिळणार नाही, पण माल नापास झाला तर जबाबदारी तुमची. हा वाद गिरणीत होता, इंजिनिअरिंग कारखान्यात होता आणि आता तो कोडात आला आहे.

या वादाचा नीट विचार करायचा तर मुक्तस्रोत, म्हणजे ज्याला सर्वत्र ओपन सोर्स म्हणतात, त्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. खाजगी कंपनीच्या भिंतीआड काय चालते ते बाहेर कळत नाही. मुक्तस्रोतात मात्र कोणी काय बदलले, केव्हा बदलले, कोणी तपासले आणि चूक कुठे राहिली, हे सारे जगापुढे उघडे असते. उघड्या कारखान्यातच काम पाहून शिकता येते.

काही शब्दांची ओळख

कोड म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना. मुक्तस्रोत कोड कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा वाटावा, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच दिलेली असते. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले लिनक्स हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच्या आधारावर चालतो. आणि जगातील सर्वांत वेगवान अशा ज्या पाचशे महासंगणकांची यादी दरवर्षी निघते, त्यांतील सर्वच्या सर्व २०१७ पासून लिनक्सवर चालत आहेत.

कोडात केलेला एखादा नेमका बदल, तो कोणी व कशासाठी केला या टिपणासह, सामाईक वहीत कायमचा चढवणे याला कमिट म्हणतात. दुकानाच्या रोजकीर्दीत जशी एकेक नोंद होते तसे हे आहे. वहीत बदल चढवण्याचा अधिकार थोड्यांना असतो. बाकीचे आपला बदल पॅच म्हणून पाठवतात, आणि त्या भागाची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो मेंटेनर पॅच पाहून घेतो किंवा परत करतो.

आता टेस्ट. ही गोष्ट लेथवर काम केलेल्या माणसाला चटकन समजते. नग तपासायला गेज असते. नग त्यात बसला तर पास, नाही बसला तर नापास. कोडाची टेस्ट म्हणजे असेच गेज, फक्त ते पोलादाचे नसून कोडाचेच केलेले असते. अमुक आकडे दिले तर अमुक उत्तर आले पाहिजे. रिकामे नाव दिले तर कार्यक्रम बंद न पडता चूक सांगितली पाहिजे. असे शेकडो, हजारो प्रश्न एकदा लिहून ठेवायचे आणि प्रत्येक बदलानंतर यंत्राकडून विचारून घ्यायचे. गेजचे दोन गुण लक्षात ठेवावेत. एक, ते कोणीतरी मेहनतीने बनवावे लागते. आपोआप उगवत नाही. दोन, ज्या मापासाठी ते केले तेवढेच ते पाहते. व्यास मोजणारे गेज नगाला चीर गेली आहे की नाही हे सांगत नाही.

दोन पक्ष

मुक्तस्रोतात वेगाच्या बाजूचा एक जुना पक्ष आहे. एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाने १९९७ साली लिनक्सची पद्धत पाहून असे प्रतिपादन केले की, काम पूर्ण सुबक होईपर्यंत झाकून ठेवू नये. लवकर बाहेर काढावे, वारंवार बाहेर काढावे, म्हणजे हजारो वापरणारे हेच तपासनीस होतात आणि चुका फार काळ लपत नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. बदल पाठवणाऱ्याला महिनामहिना उत्तर मिळाले नाही तर त्याचा उत्साह मावळतो, आणि स्वेच्छेने काम करणाऱ्याचा उत्साह हेच मुक्तस्रोताचे भांडवल आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की, वापरणारा हा काही तुमचा बिनपगारी तपासनीस नव्हे. त्याचे दुकान, त्याचे इस्पितळ, त्याचा बँकेतील पैसा या कोडावर चालतो. अर्धवट तपासलेला बदल त्याच्या गळ्यात मारणे हा अन्याय आहे. यातही तथ्य आहे.

तेव्हा पुष्कळ लोक असा समज करून घेतात की, वेग आणि तपासणी ही तराजूची दोन पारडी आहेत. एक वर गेले की दुसरे खाली. अनुभव मात्र वेगळे सांगतो. वेग कशाचा आणि तपासणी कोणी करायची, हे दोन प्रश्न नीट सोडवले तर दोन्ही पारडी बरीच जवळ आणता येतात. ते सोडवले नाहीत तर वेगही जातो आणि तपासणीही जाते.

थप्पी लहान ठेवा

कारखान्यात पाळी सुरू झाली की पहिला नग काढून तपासायचा असतो. का? सेटिंग चुकले असेल तर एक नग वाया जातो. तोच नग दुपारी तपासला तर पाचशे नग भंगारात जातात, आणि त्या पाचशेंपैकी चूक कुठून सुरू झाली हेही कळत नाही. कोडाचेही असेच आहे. मोठा बदल एकदम चढवणारा माणूस सावध असतो असे नव्हे. पुष्कळदा तोच अधिक धोका पत्करीत असतो.

लिनक्सचा इतिहास हेच सांगतो. पूर्वी तिथे अशी पद्धत होती की, एक स्थिर आवृत्ती चालू ठेवायची आणि नवे काम वेगळ्या प्रायोगिक आवृत्तीत साठवत राहायचे. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये निघाली आणि तिच्यानंतरची स्थिर आवृत्ती २.६ निघायला डिसेंबर २००३ उजाडला. जवळजवळ तीन वर्षे नवे काम थप्पीला लागत होते. ज्यांना ते तातडीने हवे होते त्या वितरकांनी त्यातले तुकडे उचलून आपापल्या जुन्या आवृत्तीला जोडले. सावधपणासाठी केलेल्या व्यवस्थेतून प्रत्येकाचे निराळेच लिनक्स निर्माण होऊ लागले, आणि ज्याची सर्वांनी मिळून तपासणी केली आहे असे एकही उरेना.

यानंतर पद्धत बदलली. आज साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी लिनक्सची नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवे काम आत घ्यायचे. नंतर दार बंद. पुढचे सात-आठ आठवडे फक्त चुकांची दुरुस्ती, आणि दर आठवड्याला एक उमेदवार आवृत्ती लोकांपुढे तपासायला ठेवायची. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. म्हणजे सरासरीने दिवसाला दीडशेच्या वर. हा वेग ऐकून छाती दडपते. पण या वेळापत्रकात एक शहाणपण आहे. आडगावी दिवसातून एकच एस. टी. जात असली की माणसे टपावर बसूनही जातात. गाडी चुकली तर दुसरी लगेच आहे हे ठाऊक असले की जीव धोक्यात घालण्याचे कारण उरत नाही. पुढचे दार दोन-अडीच महिन्यांत पुन्हा उघडणार आहे हे माहीत असल्याने, अर्धेकच्चे काम रेटण्याची घाई कमी होते, आणि मेंटेनरलाही ‘या खेपेस नको’ असे म्हणणे सोपे जाते.

लहान कमिटचा आणखी एक मोठा लाभ आहे. लिनक्सच्या कामासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली गिट नावाचे वह्या सांभाळणारे साधन केले. आज जगातील बहुतेक कोड त्यात ठेवला जातो. त्यात चूक शोधण्याची एक युक्ती आहे. समजा, मागची आवृत्ती ठीक होती, आजची बिघडलेली आहे आणि मध्ये दहा हजार बदल आहेत. मधोमधचा बदल घेऊन पाहायचा. तिथे ठीक असेल तर चूक नंतरच्या अर्ध्यात, बिघाड असेल तर आधीच्या अर्ध्यात. असे निम्मे निम्मे करीत गेले की, दहा हजारांतून अपराधी बदल सापडायला फार तर चौदा तपासण्या लागतात. मात्र अट अशी की, प्रत्येक कमिट लहान, एकाच हेतूचा आणि स्वतः चालणारा असावा. एका कमिटमध्ये चाळीस गोष्टी कोंबल्या असतील तर युक्ती आपल्याला त्या गाठोड्यापर्यंत नेईल. गाठोड्यात साप कुठे आहे ते आपणच चाचपायचे.

एकच चाळण पुरत नाही

आता तपासणीकडे वळू. पुष्कळ ठिकाणी तपासणी म्हणजे शेवटी एक मोठे दार अशी कल्पना असते. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणून झाल्यावर ते फोल्डिंग खात्यात जाई आणि तिथे दोष निघत. तोवर ते कापड कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत बिघडले, याचा पत्ता लागणे कठीण झालेले असे. दळणात खडे असतील तर भाकरी खाताना कळून काय उपयोग? म्हणून जात्याआधी चाळण, मग पीठ चाळायची चाळण, असे टप्पे असतात. कोडात हेच टप्पे मिनिटांचे, तासांचे आणि आठवड्यांचे असतात.

पहिली चाळण मिनिटांची. कमिट चढवण्यापूर्वी, किंवा चढवताच, यंत्राने कोड पुन्हा बांधावा आणि महत्त्वाच्या टेस्ट चालवून हिरवा किंवा लाल दिवा दाखवावा. ही चाळण जलद असणे अगत्याचे आहे. टेस्टला तीन तास लागत असतील तर माणूस काय करतो? तो दिवसभराचे बदल साठवून संध्याकाळी एकदम देतो. म्हणजे मंद तपासणीमुळे थप्पी मोठी होते आणि थप्पी मोठी झाली की तपासणी अवघड होते. त्याचप्रमाणे, कारण नसताना कधी लाल तर कधी हिरवा दिवा दाखवणारी टेस्ट ही टेस्ट नसण्याहून वाईट. ‘तो दिवा असाच लागतो’ म्हणून माणसे दुर्लक्ष करायला शिकतात. आणि एके दिवशी खराच लांडगा येतो.

दुसरी चाळण तासांची आणि दिवसांची. दोन बदल वेगवेगळे तपासले तर ठीक, पण एकत्र आले की भांडतात, असे नेहमी घडते. यासाठी लिनक्समध्ये २००८ साली ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल यांनी एक वेगळी वही सुरू केली. पुढच्या खेपेस दाखल होऊ घातलेले शेकडो मेंटेनरांचे काम तीत एकत्र करून निरनिराळ्या प्रकारच्या यंत्रांसाठी बांधून पाहतात, म्हणजे भांडणे लग्नाआधीच उघडकीस येतात. रस्ट या भाषेच्या प्रकल्पाने याहून कडक नियम केला : बदल मुख्य वहीशी जुळवल्यानंतर जो कोड तयार होईल त्यावरच सर्व टेस्ट चालवायच्या, आणि त्या पास झाल्या तरच यंत्र तो बदल वहीत चढवणार.

तिसरी चाळण आठवड्यांची आणि महिन्यांची. डेबियन नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प हजारो सॉफ्टवेअरे एकत्र बांधून वाटतो. त्याचे तीन प्रवाह आहेत. नवे काम प्रथम ‘अस्थिर’ नावाच्या प्रवाहात येते. तिथे धाडसी लोक ते वापरतात. काही दिवस, साधारण दोन ते दहा, गंभीर दोष न निघाल्यास ते दुसऱ्या ‘चाचणी’ प्रवाहात उतरते; ज्याच्या स्वयंचलित टेस्ट पास होतात त्याला कमी दिवस थांबावे लागते. आणि साधारण दोन वर्षांनी त्यातून ‘स्थिर’ आवृत्ती निघते, जी सामान्य माणसाने डोळे मिटून वापरावी. या व्यवस्थेत वेग हवा असणाऱ्याला वेग मिळतो, स्वास्थ्य हवे असणाऱ्याला स्वास्थ्य मिळते, आणि धोका कोण पत्करतो आहे हे त्याला स्वतःला माहीत असते. आम्हांला हे शेवटचे फार मोलाचे वाटते. धोका असावा की नसावा हा वाद गौण; ज्याच्यावर धोका टाकला त्याला विचारले होते का, हा खरा प्रश्न.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेले एसक्यूलाइट. माहिती साठवण्याचे हे छोटे साधन जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते. तिथे काम करणारे थोडे. बाहेरच्यांचे पॅच ते सहसा घेत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे मूळ कोडाच्या सुमारे ५९० पट कोड निव्वळ टेस्टचा आहे. तरी तिथेही प्रत्येक कमिटपूर्वी सर्व टेस्ट चालवीत नाहीत. काही मिनिटांची निवडक तपासणी कमिटपूर्वी आणि प्रचंड मोठी तपासणी प्रकाशनापूर्वी, अशी वाटणी केलेली आहे. प्रकाशनापूर्वी ते कामांची यादी समोर ठेवून एकेक बाब खूण करीत जातात. ही कल्पना त्यांनी शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्या तपासयाद्यांवरील पुस्तकावरून घेतली. डॉक्टरांचे घराणे मूळचे विदर्भातले. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील शिस्त कोडात गेली, आणि तिला वाट दाखवणारा मराठी घरातला, याचा आपल्याला आनंद वाटला तर तो गैर नव्हे.

गेज जे पाहत नाही

एवढी व्यवस्था असताना मोठे अपघात का झाले? तीन प्रसंग पाहू.

पहिला, २०१४ चा. इंटरनेटवरील देवघेव गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या साधनात ३१ डिसेंबर २०११ रोजी एक बदल चढवला गेला आणि मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीतून जगभर पसरला. त्यात एक यंत्र दुसऱ्याला म्हणते, ‘जागा आहेस ना? मग हा शब्द परत पाठव, त्याची लांबी इतकी आहे.’ शब्द एका अक्षराचा पाठवून लांबी हजारोंची सांगितली तर काय, हे पाहायचे राहून गेले. उत्तर देणारे यंत्र भोळेपणाने आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर, ६४ किलोबाइटपर्यंत, भरून पाठवी. त्यात पासवर्ड असत, गुप्त किल्ल्या असत. ७ एप्रिल २०१४ रोजी ही चूक जाहीर झाली आणि तिला हार्टब्लीड हे नाव मिळाले. बदल चढण्यापूर्वी दुसऱ्या एका माणसाने पाहिला होता. टेस्ट खऱ्या बोलणाऱ्यासाठी होत्या. खोटे बोलणाऱ्याने काय होईल, असे विचारणारे गेज कोणी केले नव्हते. आणि करणार कोण? जगाचा व्यापार ज्यावर चालत होता त्या प्रकल्पाला देणग्या मिळत त्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. अपघातानंतर त्याच महिन्यात मोठमोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या मार्फत अशा प्रकल्पांसाठी लाखो डॉलरचा निधी उभारला. बैल गेला आणि झोपा केला.

दुसरा प्रसंग डेबियनचा. २००६ साली एका तपासणी-यंत्राने याच ओपनएसएसएलमधील एका ओळीबद्दल तक्रार दाखवली. ती तक्रार घालवण्यासाठी डेबियनने आपल्या प्रतीतून ओळ काढली. दिवा हिरवा झाला. पण गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी अनिश्चितता त्याच ओळीतून येत होती. परिणामी एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्या फक्त ३२,७६८ इतक्याच निघू शकत. चोराने सगळ्या लावून पाहाव्यात इतक्या थोड्या. हे लक्षात यायला मे २००८ उजाडला. म्हणजे तपासणी नव्हती म्हणून नव्हे, तर यंत्राची आज्ञा अर्थ न समजता पाळली म्हणून नुकसान झाले. गेज हे माणसाच्या समजुतीचे साधन आहे, तिची जागा घेणारे नव्हे.

तिसरा प्रसंग २०२४ चा, आणि तो आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. एक्सझेड हे फायली लहान करणारे छोटे साधन एक माणूस आपल्या फावल्या वेळात वर्षानुवर्षे सांभाळत होता. काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणे लावले की, काम फार सावकाश चालले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. टोपणनावाने वावरणारा एक मदतनीस तत्परतेने पुढे आलेलाच होता. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला, अधिकार मिळवला, आणि शेवटी दूरच्या संगणकात शिरण्याचे चोरदार आत बसवले. ते लपवले कुठे? टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही, आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकरण उघडकीस आले. तोवर ते डेबियनच्या अस्थिर व चाचणी प्रवाहांत पोचले होते; स्थिर आवृत्तीत पोचले नव्हते. थांबण्याच्या व्यवस्थेने आणि एका चिकित्सक माणसाने जग वाचले.

तपासणी हे श्रम आहेत

या तिन्ही प्रसंगांतून एक सूत्र निघते. लिहिणाऱ्यांचा वेग वाढवणे सोपे असते. तपासणाऱ्यांचे हात वाढवणे खर्चाचे असते. एका कारखान्यात उत्पादनाचे लक्ष्य वाढवून तपासनीस निम्मे केलेले आम्ही पाहिले आहे. कागदावर उत्पादन वाढले, पुढे गिऱ्हाइकाकडून माल परत आला आणि कपात झाली ती मशीनवरच्या माणसाच्या बोनसात. मुक्तस्रोतात पगार नसतो म्हणून कपात दिसत नाही. ती माणसाच्या झोपेतून, घरच्या वेळेतून आणि उमेदीतून होते. कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या त्या कोडावर बसतात, म्हणजे आयत्या बिळात नागोबा.

अलीकडे ही ओढाताण वाढली आहे. आता यंत्रे स्वतःच कोड लिहू लागली आहेत. पूर्वी एक पॅच लिहायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात आज दहा तयार होतात. पण एक पॅच समजून घ्यायला माणसाला लागणारा वेळ तेवढाच आहे. कर्ल या सुप्रसिद्ध साधनाचे जनक स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ साली जाहीर तक्रार केली की, यंत्राकडून लिहवून घेतलेल्या दोषांच्या खोट्या सूचनांचा ढीग येतो आणि तो निपटण्यातच थोड्या माणसांचा वेळ जातो. लिहिणे स्वस्त झाले, तपासणे महागच राहिले. जिथे ही तफावत असेल तिथे वेगाचे गोडवे गाणाऱ्याला आधी विचारावे : बाबा रे, पाहणार कोण?

तपासणीचा दुसरा शत्रू म्हणजे भय. गिरणीत खराब कापडाची किंमत विणकराच्या पगारातून कापीत. त्यामुळे कापड सुधारले नाही. दोष लपवण्याची कला मात्र सुधारली. गिटमध्ये अमुक ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आज्ञेचे नावच ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे, असे आहे. पण तिचा खरा उपयोग माणसाला पकडण्यासाठी नसून त्याला विचारण्यासाठी आहे. टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षे चुकणाऱ्यांना कठोर शब्दांत झोडपले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ काम थांबवले. कामाबद्दल कडक आणि माणसाबद्दल मऊ, हा तपासणीचा धर्म आहे. जपानच्या टोयोटा कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून सबंध ओळ थांबवता येते. मुक्तस्रोतात तिचे रूप म्हणजे बिघडवणारा बदल बिनदिक्कत मागे घेणे. काल चालत होते ते आज बंद पडले, तर वाद नंतर. आधी बदल मागे. मागे घेणे हा अपमान नाही असे जिथे सर्वांना वाटते, तिथेच पुढे जाण्याचे धाडस करता येते.

मग तोल कसा साधावा?

सर्वांना लागू पडेल असे एकच माप नाही. ज्या कोडावर पैसा, प्रकृती किंवा गुप्तता अवलंबून आहे तिथे चाळण बारीक हवी. ज्याने फार तर एखाद्या चित्राचा रंग बदलेल तिथे ती मोठी चालेल. तरी काही गोष्टी सर्वत्र खऱ्या ठरतात. कमिट लहान आणि एकाच हेतूचा असावा. बदलाबरोबर त्याची टेस्ट यावी, आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीचे एक नवे गेज व्हावे, म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा दारातून शिरणार नाही. पहिली चाळण मिनिटांत उरकावी आणि तिचा लाल दिवा कोणी टाळू नये. नव्याला आणि स्थिराला वेगळे प्रवाह असावेत. आणि टेस्ट लिहिणाऱ्याचे, पॅच वाचणाऱ्याचे नाव नवे काही करणाऱ्याच्या नावाइतक्याच मानाने घ्यावे. त्याच्या वेळेचे मोल, जे त्या कोडावर कमावतात त्यांनी द्यावे.

श्रोत्यांपैकी जी तरुण मंडळी या धंद्यात आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुक्तस्रोतात पहिले पाऊल टाकायचे असेल तर नवे काही लिहिण्याआधी एखाद्या प्रकल्पात एक चांगली टेस्ट लिहा, किंवा पडून राहिलेला दुसऱ्याचा पॅच नीट वाचून आपले मत द्या. त्याने टाळ्या मिळणार नाहीत. पण कुठल्याशा गावात रात्री उशिरा एकटा बसून जगाचे ओझे वाहणाऱ्या एखाद्या मेंटेनरच्या खांद्याला आणखी एक खांदा लागेल. आणि संघटना तरी दुसरे काय असते?